वितळलेल्या गंधकाच्या नळाची राखण

शेतकऱ्याचा व गंधकाचा संबंध जुना आहे. द्राक्षवेलीवर भुरी दिसूं लागली कीं बागाईतदार गंधक हातीं घेतो. सुपर फॉस्फेट या खतासाठीं लागणारें आम्ल गंधकापासूनच तयार होतें. साध्या सुपर फॉस्फेटमध्यें स्फुरदाचें प्रमाण शेंकडा १६ असतें, पण त्याबरोबर शेंकडा ११ गंधकही शेतांत जातो, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. उसाचा रस निवळून साखर पांढरी निघावी म्हणून आपले बहुतेक साखर कारखाने गंधक जाळून त्याचा वायु रसांत सोडतात. शेतावर हा पदार्थ आपणांस पिवळ्या भुकटीच्या रूपानें दिसतो. कारखान्यांत मात्र तो वितळवून नळांतून न्यावा लागतो. थंड झाला कीं नळांतच त्याचा दगड होतो, आणि फाजील तापला कीं त्याचा चिकट गोळा होऊन पंप त्याला ढकलूं शकत नाहीं. या दोन संकटांच्या मधून त्याला सुखरूप नेण्यासाठीं नळाला सतत ऊब द्यावी लागते. ती ऊब किती असावी, ती राखणाऱ्या यंत्रावर कोणते आंकडे घालावे आणि इशाऱ्याची घंटा केव्हां वाजावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विषय यंत्रशाळेचा आहे, शेतकऱ्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु १९५० सालीं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून या प्रांतांतील शेतकरी केवळ ऊस पुरविणारा राहिला नाहीं. तो कारखान्याचा मालकही झाला. गंधकाची भट्टी ऐन हंगामांत बंद पडली तर रसाची शुद्धि अडते व गाळप मंदावतें. तोडलेला ऊस त्या वेळीं गाड्यांत उभा असतो, आणि तोडणीनंतर जितका वेळ जाईल तितकी त्यांतील साखर घटत जाते. हें नुकसान शेवटीं भागीदारांच्याच पदरीं येतें. शिवाय तेथें काम करणारे कामगार आपल्याच गांवचे असतात. यास्तव संचालक मंडळावर बसणाऱ्या वाचकांना तरी या राखणीचें मर्म ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

गंधकाचा स्वभाव

नळावरील यंत्राचे आंकडे ठरवावयाचे तर प्रथम नळांतील पदार्थाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. या लेखांतील सर्व अंश सेंटिग्रेड मापाचे आहेत.

गंधक सुमारें ११५ ते ११९ अंशांच्या दरम्यान वितळतो. व्यवहारांत ११९ हाच आंकडा धरून चालणें शहाणपणाचें. वितळला कीं तो पिवळसर, पातळ व सहज वाहणारा होतो. हर्मन फ्रॅश यानें १८९४ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत याच गुणाचा उपयोग केला. दाबाखालीं ठेवल्यामुळें शंभर अंशांच्या बरेंच वर तापलेलें पाणी त्यानें नळानें जमिनीच्या पोटांत सोडलें, तेथील गंधक जागींच वितळविला आणि दुसऱ्या नळानें वर काढला. आज जगांतील बहुतेक गंधक खाणींतून न येतां खनिज तेल व नैसर्गिक वायु शुद्ध करतांना मिळतो. भारतांत १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' या दर्जाचें इंधन लागू झालें. त्यांत दहा लक्ष भागांत १० भागांहून अधिक गंधक चालत नाहीं. आधींच्या चौथ्या टप्प्यांत ही मर्यादा ५० होती. तेलांतून काढलेला हा गंधक शुद्धीकरण कारखान्यांत द्रवरूपानेंच हातीं येतो, आणि तेथपासूनच त्याचे नळ ऊबदार ठेवण्याचें काम सुरू होतें.

आतां दुसऱ्या टोंकाकडे वळूं. गुऱ्हाळावरचा आपला अनुभव असा कीं काकवी जितकी गरम तितकी ती पातळ. तेल, तूप, डांबर या साऱ्यांचा नियम हाच. गंधक मात्र या नियमाला एका विशिष्ट ठिकाणीं सोडचिठ्ठी देतो. सुमारें १५५ अंशांपर्यंत तो पातळ होत जातो. परंतु १५९ अंश ओलांडले कीं एकाएकीं घट्ट होऊं लागतो, आणि १८७ अंशांच्या आसपास शुद्ध गंधकाचा दाटपणा मूळच्या दहा हजार पटींहूनही अधिक होतो. याचें कारण असें कीं वितळलेल्या गंधकाचे कण आठ-आठ परमाणूंच्या कड्यांचे असतात. कडीं सुटीं आहेत तोंवर तीं एकमेकांवरून घसरतात. १५९ अंशांच्या पुढें हीं कडीं उघडतात, एकास एक जोडून लांबच लांब सांखळ्या होतात, आणि सुताच्या गुंत्यासारखा एकच गुंता तयार होतो. मग पंप कितीही जोराचा असला तरी उपयोग होत नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. गंधक गोठतांना आकसतो व वितळतांना फुगतो. नळांत गोठलेल्या गंधकाचा मधलाच भाग प्रथम वितळला आणि त्याच्या दोन्ही बाजूंस घट्ट बुच राहिले, तर फुगणाऱ्या द्रवाला जागा उरत नाहीं. मग सांधा फुटतो किंवा नळच तडकतो, आणि उकळत्या पाण्याहून गरम असा द्रव जवळच्या माणसाच्या अंगावर उडतो. म्हणून गोठलेल्या नळावर बत्ती किंवा दिवटी धरून तो 'मोकळा' करणें हा शुद्ध अविचार होय. तेलशुद्धींतून आलेल्या गंधकांत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायुही विरलेला असतो. तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळें वास येत नाहीं म्हणून धोका नाहीं असें समजूं नये.

एकंदरींत, ११९ ही आपली खालची कड आणि १५९ ही वरची. मधलें शेत चाळीस अंशांचें. त्यांतही कडेला पेरून चालत नाहीं, दोन्हीं बाजूंस बांध सोडावे लागतात.

वाफ आणि वीज

साखर कारखान्यांत वाफ मुबलक असल्यामुळें गंधकाचे नळ बहुधा दुहेरी असतात: आंतल्या नळांतून गंधक व बाहेरच्या पोकळींतून वाफ. या जुन्या पद्धतींत एक मोठा गुण आहे. संपृक्त वाफेचा दाब ठरविला कीं तिचें उष्णतामानही आपोआप ठरतें. मापकावर साडेतीन बार दाब असेल तर वाफ सुमारें १४८ अंशांवर असते. दाब वाढल्याखेरीज ती १५९ अंशांपर्यंत चढूंच शकत नाहीं. म्हणजे वरच्या कडेवर निसर्गानेंच झांकण घातलेलें असतें.

जेथें वाफ नाहीं, नळ लांब आहे किंवा वाफेच्या गळतीचा त्रास नको असतो, तेथें नळाला लागून विजेनें तापणारी तार बसवितात व तिच्यावरून उष्णता राखणारें जाड आवरण घालतात. कामगार तिला हीटर केबल म्हणतात. या तारेचे मुख्य दोन प्रकार. पहिल्या प्रकारांत दोन तारांच्या मध्यें कोळशाचा अंश मिसळलेला प्लॅस्टिकसारखा पदार्थ असतो; तो तापत गेला कीं विजेला अधिक विरोध करतो व आपोआप कमी तापतो. दुसऱ्या प्रकारांत धातूच्या नळींत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दाबलेल्या भुकटींत तार पुरलेली असते. ही फार वरचें उष्णतामान सोसते, परंतु आपण होऊन थांबण्याचा गुण तिच्यांत नाहीं. वीज मिळते तोंपर्यंत ती तापतच राहते. पहिल्या प्रकारांतील सर्वच तारा गंधकाला लागणारी ऊब देऊं शकत नाहींत. निर्मात्यानें दिलेली मर्यादा पाहूनच निवड करावी लागते.

वाफेच्या पोटीं जें झांकण होतें तें विजेच्या तारेला नसतें. तें माणसानें घालावें लागतें, आणि तें घालण्याचें यंत्र म्हणजेच कंट्रोलर. त्यांतील आंकडे हेंच येथें झांकण. म्हणून ते आंकडे बसवून देणाऱ्याच्या सोयीप्रमाणें पेटींतून आले तसेच ठेवणें योग्य नव्हे.

सेन्सर कोठें असावा

कंट्रोलरला स्वतःला कांहीं दिसत नाहीं. नळावर बसविलेला सेन्सर सांगेल तेंच त्याला खरें. हा सेन्सर बहुधा प्लॅटिनमच्या बारीक तारेचा असतो. शून्य अंशावर त्याचा विरोध १०० ओहम व शंभर अंशांवर १३८.५ ओहम असतो. या वाढीवरून कंट्रोलर उष्णतामान ओळखतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, जोडणींतील स्क्रू सैल झाला किंवा गंजला तर तेवढा विरोध वाढतो व कंट्रोलरला नळ आहे त्याहून गरम भासतो. तीन तारांची जोडणी असली कीं लांब तारांमुळें होणारी चूक बरीच टळते, पण वाईट सांध्यामुळें होणारी टळत नाहीं. दुसरी, सेन्सर नळापासून सुटून आवरणांत लोंबत राहिला तर त्याला नळ आहे त्याहून थंड भासतो, आणि कंट्रोलर बिचारा तापविणें चालूच ठेवतो. पहिल्या दोषानें नळ गोठतो, दुसऱ्यानें जास्त तापतो; आणि दोन्ही वेळीं पडद्यावरचा आंकडा मात्र अगदीं बरोबर दिसतो.

सेन्सर तापणाऱ्या तारेला चिकटवूं नये. तसें केल्यास तो नळाचें नव्हे तर तारेचें उष्णतामान सांगेल. तो नळाला घट्ट बांधून तारेपासून शक्य तितका दूर, आणि नळाच्या आधारापासून, झडपेपासून व पंपापासून कांहीं अंतरावर असावा. झडप व आधार हे जाड लोखंडाचे असून ते उष्णता ओढून घेतात, म्हणून तेथें तारेचे अधिक वेढे द्यावे लागतात. तरीही नळावरील सर्वांत थंड जागा बहुधा तीच असते.

फांटे असतील तर अधिक जपावें लागतें. मुख्य नळांतून गरम गंधक वाहत असतांना त्यावरील सेन्सर 'पुरेसें तापलें' असें सांगतो व कंट्रोलर वीज बंद करतो. त्याच तारेवर अवलंबून असलेला, पण त्या वेळीं प्रवाह बंद असलेला फांटा मात्र निवत जातो व गोठतो. मुख्य कालव्याला पाणी आलें एवढ्यावरून शेवटच्या चारीलाही तें पोंचलें असें कोणी शहाणा शेतकरी धरीत नाहीं. म्हणून ज्या फांट्यांतून प्रवाह कधीं चालतो व कधीं थांबतो त्याला स्वतंत्र तार व स्वतंत्र सेन्सर असावा.

आंकडे कसे ठरवावे

पुष्कळ ठिकाणीं आधीं मधला आंकडा, म्हणजे ज्याला कामगार 'सेट पॉइंट' म्हणतात तो, अंदाजानें ठरवितात व मग त्याच्या खालीं-वर दहा-दहा अंशांवर इशारे ठेवून मोकळे होतात. ही रीत उलटी आहे. प्रथम कडा, मग इशारे व सर्वांत शेवटीं सेट पॉइंट, हा क्रम ठेवावा. एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. त्यांतील आंकडे कल्पित आहेत. प्रत्येक कारखान्यानें आपल्या नळावर मोजून आपले काढावे.

समजा, गंधक स्थिर असतांना व तारेची वीज बंद ठेवली असतां नळ तासाला ४ अंश निवतो असें मोजमापांत आढळलें. हें मोजमाप जबाबदार इंजिनिअरच्या देखरेखीखालीं करावें व ११९ च्या जवळ जाण्यापूर्वींच थांबवावें. समजा, रात्रपाळीच्या माणसाला घंटा ऐकून जागेवर जाणें, दोष शोधणें व तो दुरुस्त करणें यास दीड तास लागतो. तेवढ्या वेळांत नळ ६ अंश उतरेल. सेन्सरची जागा व सर्वांत थंड झडप यांत ३ अंशांचा फरक आहे असेंही धरूं. मग ११९ मध्यें ६ व ३ मिळवून १२८ येतात. खालचा इशारा येथें ठेवावा. त्याहून खालीं ठेवला तर घंटा वाजेल खरी, पण तिचा अर्थ 'नळ गोठत आहे' असा न होतां 'नळ गोठला' असा होईल.

वरच्या कडेचा हिशेबही असाच. वीज तुटल्यावरही तारेंत सांठलेली उष्णता नळांत शिरत राहते. तिच्यामुळें उष्णतामान ३ अंश चढतें असें धरूं. सेन्सरपेक्षां नळाची सर्वांत गरम जागा आणखी ३ अंश वर असेल. १५९ मधून हे ६ वजा केले कीं १५३ उरतात. म्हणून १५२ अंशांवर वीज सक्तीनें तुटावी. ही तोड नेहमींच्या सेन्सरवर सोंपवूं नये. तिच्यासाठीं दुसरा स्वतंत्र सेन्सर व स्वतंत्र तोडयंत्र असावें. ज्या राखणदाराची चूक पकडावयाची त्यालाच साक्षीदार करून भागत नाहीं. तोड होण्यापूर्वीं माणसाला सावध करण्यासाठीं वरचा इशारा १४७ वर ठेवावा.

आतां १२८ व १४७ यांच्या मधोमध सेट पॉइंट येतो तो १३८ च्या जवळपास. या उष्णतामानाला गंधक खाद्य तेलाहून पातळ असतो व पंपाला कसलीही अडचण पडत नाहीं. वीज सारखी चालू-बंद होऊं नये म्हणून ४ अंशांची सूट द्यावी: १३६ ला वीज चालू, १४० ला बंद. येथें एक सावधगिरी घेणें जरूर आहे. कांहीं कंट्रोलर ही सूट सेट पॉइंटच्या दोन्ही बाजूंस वांटून धरतात, कांहीं ती सर्व एकाच बाजूस धरतात. यंत्राबरोबर आलेलें माहितीपत्रक पाहिल्याशिवाय हा आंकडा घालूं नये.

एकत्र मांडल्यास उदाहरणांतील नळाचा हिशेब असा होतो:

गंधक गोठण्याची कड : ११९ अंश
खालचा इशारा : १२८ अंश
वीज चालू : १३६ अंश
सेट पॉइंट : १३८ अंश
वीज बंद : १४० अंश
वरचा इशारा : १४७ अंश
सक्तीची तोड : १५२ अंश
गंधक घट्ट होण्याची कड : १५९ अंश

हा तक्ता कंट्रोलरच्या पेटीच्या दाराच्या आंतल्या बाजूस, प्रत्येक आंकड्याच्या कारणासह चिकटवावा. कारण लिहिलेलें नसलें कीं पुढच्या हंगामांत कोणी तरी 'थोडें जास्त असलेलें बरें' म्हणून सेट पॉइंट १४८ करतो. त्यानें खालच्या बाजूची भीति कमी झाल्यासारखी वाटते. पण वरचा इशारा सारखा वाजूं लागतो, म्हणून तोही वर ढकलला जातो, मग तोडही वर ढकलली जाते, आणि पाहतां पाहतां वरचा बांध मोडतो. विजेचा खर्च वाढतो तो वेगळाच.

इशारा कोणासाठीं

मचाणावरचा राखणदार प्रत्येक चिमणीला आरोळी देऊं लागला तर ज्या रात्रीं रानडुकरें येतील त्या रात्रीं गांवांतून कोणी उठणार नाहीं. कारखान्यांतील घंटेचें तसेंच आहे. दिवसांतून दहा वेळां वाजणारी व प्रत्येक वेळीं नुसतें बटण दाबून गप्प केली जाणारी घंटा नसलेलीच बरी. कारण ती नसती तर निदान कोणी तरी नळाला हात लावून पाहिलें असतें. म्हणून एकही इशारा ठेवण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: तो वाजल्यावर कोणी जावयाचें, त्यानें काय करावयाचें, आणि तें करण्यास वेळ उरला आहे काय? या तिहींचें उत्तर नसेल तर तो इशारा नोंदवहींत राहूं द्यावा. घंटेला जोडूं नये.

उष्णतामानाच्या दोन इशाऱ्यांखेरीज आणखी कांहीं इशारे कंट्रोलर देऊं शकतो. त्यांतील पहिला सेन्सर बिघडल्याचा. सेन्सर तुटला असतां तारेला वीज द्यावी कीं बंद करावी, हें आधींच ठरवून यंत्रास सांगावें लागतें. हिमालयांतील थंड गांवीं पाण्याचा नळ गोठूं नये म्हणून तार लावली असेल तर वीज चालू ठेवणें योग्य ठरेल. गंधकाचें तसें नाहीं. आपल्या उदाहरणांत वीज बंद झाली तरी १३८ वरून सर्वांत थंड झडप गोठेपर्यंत सुमारें चार तास मिळतात. उलट वीज अनिर्बंध चालू राहिली तर सारा भार एकट्या सक्तीच्या तोडीवर येतो. म्हणून येथें वीज बंद करून लगेच घंटा वाजविणें बरें.

दुसरा इशारा तारेंतील विजेचा प्रवाह कमी झाल्याचा. तार तुटली तर उष्णतामान उतरण्यास वेळ लागतो, पण प्रवाह तत्काळ घटतो. म्हणून हा इशारा खालच्या उष्णतामानाच्या इशाऱ्यापेक्षां कित्येक तास आधीं खबर देऊं शकतो. तार नवी असतांना तिचा प्रवाह मोजून लिहून ठेवावा व त्याच्याशीं पुढें तुलना करावी. नळांतून गरम गंधक सतत वाहत असेल तर तारेला दिवसेंदिवस वीज लागतच नाहीं, आणि ती तुटलेली आहे हें प्रवाह थांबल्यावर कळतें. यासाठीं कांहीं कंट्रोलरांत ठराविक वेळानें क्षणभर वीज देऊन तार तपासण्याची सोय असते. ती बंद ठेवूं नये.

तिसरा इशारा विजेच्या गळतीचा. आवरणांत पाणी शिरलें, तार चेंगरली किंवा तिची टोंकें नीट बंद केलीं नाहींत, तर वीज जमिनीकडे झिरपूं लागते. ही गळती बहुधा ३० मिलिअँपिअरवर गेली कीं वीज तोडतात; त्याच्या थोडें खालीं इशारा ठेवल्यास दोष वाढण्यापूर्वीं कळतो. गळतीमुळें वीज तुटली असतां ती शोधल्याशिवाय बटण पुन्हां पुन्हां चढविणें धोक्याचें आहे. गंधक पेटणारा पदार्थ आहे हें विसरूं नये.

इशारा किती उशिरानें द्यावा, याचाही आंकडा घालावा लागतो. झडप उघडतांना किंवा नव्या गंधकाचा लोट येतांना उष्णतामान क्षणभर खालीं-वर होतें. त्यासाठीं उष्णतामानाच्या इशाऱ्यास कांहीं मिनिटांचा विलंब ठेवण्यास हरकत नाहीं. तो विलंब वर धरलेल्या दीड तासांतून वजा होतो, एवढें लक्षांत असावें. सक्तीच्या तोडीस मात्र विलंब नसावा. हंगामाच्या आरंभीं थंड नळ तापवितांना खालचा इशारा वाजणारच; तेवढ्यापुरता तो ठराविक मुदतीसाठीं थोपविण्याची सोय वापरावी. तो कायमचा बंद करून 'मागाहून चालू करूं' असें ठरविणें बरोबर नाहीं; तें मागाहून सहसा होत नाहीं.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट. जुन्या काळचा गस्तवाला रात्रभर ठराविक वेळानें हाळी देत असे. हाळी थांबली कीं गांव समजे, कांहीं तरी बिघडलें. इशाऱ्याच्या तारेची जोडणी अशीच असावी. सर्व ठीक आहे तोंपर्यंत तिच्यांतून वीज वाहत राहावी, आणि ती वीज थांबतांच घंटा वाजावी. म्हणजे कंट्रोलर जळला, त्याची वीज गेली किंवा उंदरानें तार कुरतडली तरी घंटा वाजेलच. घंटेला मात्र वेगळा वीजपुरवठा पाहिजे, हें सांगावयास नकोच. याच्या उलट जोडणींत दोष आला असतां शांतता पसरते, आणि ती शांतता सर्वांस सुखाची वाटते.

हंगामापूर्वींची तपासणी

आपल्याकडे गाळपाचा हंगाम बहुधा पावसाळा संपल्यावर सुरू होतो. म्हणजे चार महिने नळ थंड असतो व त्यावरील आवरण पावसांत भिजतें. भिजलेलें आवरण उष्णता राखीत नाहीं. तासाला ४ अंश निवणारा नळ मग त्याहून बराच लवकर निवतो, आणि आपला १२८ चा हिशेब चुकतो. म्हणून दसऱ्यापूर्वीं आवरणाचा पत्रा, त्याचे सांधे व झडपांवरील टोप्या तपासाव्या. ओलें आवरण बदलावें. तारेची विद्युत्-रोधकता मोजावी. प्रत्येक सेन्सरचें वाचन खात्रीच्या दुसऱ्या मापकाशीं ताडून पाहावें. मग प्रत्येक इशारा खरोखर वाजवून पाहावा, व तो सेन्सरपासून घंटेपर्यंत वाजतो काय हें पाहावें. नुसतें चांचणीचें बटण दाबल्यानें घंटा ठीक आहे एवढेंच कळतें, सेन्सर ठीक आहे हें कळत नाहीं. हीं सर्व कामें परवानाधारक तंत्रज्ञानेंच करावीं.

हंगाम चालू असतां प्रत्येक पाळींत उष्णतामान व प्रवाह यांची नोंद व्हावी. वाजलेला प्रत्येक इशारा, तो केव्हां वाजला, कोण गेलें व काय आढळलें, हें चार ओळींत लिहावें. आंकडा बदलावयाचा झाल्यास जुना आंकडा, नवा आंकडा, कारण व सही यांवांचून तो बदलूं नये. यंत्रास संकेतशब्दाची सोय असतेच. पण तो संकेतशब्द पेटीवर खडूनें लिहिलेला असला तर त्याचा उपयोग काय?

संचालकांस यंत्रांतील प्रत्येक तार कळली पाहिजे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हंगामापूर्वींच्या सभेंत त्यांनीं एवढें तरी विचारावें: आपल्या गंधकाच्या नळाच्या दोन कडा कोणत्या? खालची घंटा वाजल्यापासून नळ गोठेपर्यंत किती वेळ मिळतो, आणि तो वेळ मोजून काढला कीं अंदाजानें? सक्तीच्या तोडीचा सेन्सर वेगळा आहे काय? मागील हंगामांत किती घंटा वाजल्या व त्यांपैकीं कितींच्या वेळीं माणूस जागेवर गेला? नळ वाफेचा असो कीं विजेचा, हे प्रश्न दोहोंसही लागू आहेत. यांचीं उत्तरें इंजिनिअरजवळ तयार असतील तर त्याचें अभिनंदन करावें. नसतील तर तीं काढण्यासाठीं लागणारा वेळ व खर्च त्याला मंजूर करून द्यावा. गाळप सुरू झाल्यावर हा वेळ मिळत नाहीं, आणि गव्हाणीपुढें गाड्या उभ्या राहिल्यावर तर मुळींच मिळत नाहीं.